विश्लेषण : कानाच्या शस्त्रक्रियेनंतर इअरफोन कधी लावावा? आवाजापेक्षा ‘बूच’ जास्त घातक का?

कानाच्या पडद्याची किंवा पाळीची छोटी शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. डॉक्टर सांगतात, कानात पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका, जड उचलू नका. रुग्ण हे सगळे पाळतो. मात्र घरी पडून राहायचे म्हटले की हातात मोबाइल येतो आणि मोबाइलच्या मागोमाग इअरफोन. ‘दुसऱ्याच कानात लावतो’, ‘आवाज अगदी कमी ठेवतो’, ‘फक्त लेक्चरपुरता’ अशी कारणे असतात. यातले कोणते कारण चालते, कोणते चालत नाही आणि किती दिवस थांबायचे, हे समजून घेणे गरजेचे आहे. कारण बसवलेला पडदा निघाला तर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

हा प्रश्न आता एवढा महत्त्वाचा का?

इअरफोन आता केवळ गाणी ऐकण्याचे साधन राहिलेले नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या तालुक्यांच्या ठिकाणी अभ्यासिकांमध्ये बसणारी मुले पोलीस भरतीपासून एमपीएससीपर्यंतची तयारी मोबाइलवरच्या लेक्चरवर करतात. शेजारच्याला त्रास नको म्हणून इअरफोन लावावाच लागतो. त्यामुळे ‘दोन महिने इअरफोन बंद’ हा सल्ला अनेकांना ‘दोन महिने अभ्यास बंद’ असाच ऐकू येतो आणि मग तो पाळला जात नाही.

दुसरीकडे कान बिघडण्याचे प्रमाण लहान नाही. देशात सुमारे ६ कोटी ३० लाख लोकांना लक्षणीय श्रवणदोष असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज केंद्राच्या बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात आधार म्हणून वापरला जातो. संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांना चुकीच्या पद्धतीने ऐकण्याच्या सवयीमुळे ऐकण्याची क्षमता गमावण्याचा धोका आहे. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये इअरफोनच्या अतिवापराबाबत इशारा देत दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वापर नको, असे सुचवले होते. हे सगळे निरोगी कानांबद्दल झाले. शस्त्रक्रिया झालेल्या कानाचे गणित त्याहून वेगळे आहे.

‘छोटी शस्त्रक्रिया’ म्हणजे नेमकी कोणती?

कानाची शस्त्रक्रिया म्हटली की सगळे एकाच मापाने मोजतात. प्रत्यक्षात जखम कुठे आहे, यावर इअरफोनचा नियम ठरतो.

बाहेरच्या कानाच्या शस्त्रक्रियेत सर्वांत परिचित म्हणजे कानाची पाळी शिवणे. वर्षानुवर्षे जड दागिने घातल्याने पाळीचे छिद्र ओघळते किंवा पाळी फाटते. ती टाके घालून पुन्हा जोडली जाते. कानाच्या पुढे जन्मतः असलेले बारीक छिद्र वारंवार पिकत असेल तर तेही काढावे लागते. या दोन्हींत जखम कानाच्या नळीबाहेर असते.

नळीतली प्रक्रिया म्हणजे घट्ट झालेला मळ काढणे किंवा मुलांनी घातलेला मणी, ज्वारीचा दाणा, खडू असे काही बाहेर काढणे. ही शस्त्रक्रिया म्हणावी इतकी मोठी नसते. पण नळीची त्वचा कमालीची नाजूक असल्याने ती खरचटते.

पडद्याच्या शस्त्रक्रियेत दोन प्रकार येतात. पडद्यामागे पाणी साचत असेल तर पडद्यात ‘ग्रोमेट’ नावाची बारीक नळी बसवतात. लहान मुलांमध्ये हे जास्त आढळते. पडद्याला छिद्र पडून कान वाहत असेल तर ते बुजवतात. या शस्त्रक्रियेला मायरिंगोप्लास्टी किंवा टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. कानामागचे हाड पोखरले गेले असेल तर मॅस्टॉइडची शस्त्रक्रिया करावी लागते. ती मात्र छोटी नव्हे.

पडदा बुजवल्यानंतर आत काय सुरू असते?

कानाची बाहेरची नळी प्रौढांमध्ये साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाला पडदा असतो. त्याची रुंदी आठ-नऊ मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. त्याच्या मागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा आकारांची तीन चिमुकली हाडे. रिकिबीसारखे हाड तर शरीरातले सर्वांत लहान, जेमतेम तीन मिलिमीटरचे.

पडद्याचे छिद्र बुजवण्यासाठी बहुतेक वेळा कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचे पातळ आवरण किंवा कानाच्या कुर्चेचा पातळ तुकडा काढून ठिगळासारखा बसवला जातो. हे ठिगळ शिवलेले नसते. त्याला आतून-बाहेरून आधार देण्यासाठी शरीरात विरघळणाऱ्या स्पंजाचे तुकडे भरतात आणि बाहेरून औषध लावलेली पट्टी ठेवतात. म्हणजे पहिले काही आठवडे ते ठिगळ स्पंजाच्या आधाराने जागेवर टिकलेले असते. मूळ पडद्याच्या कडेच्या पेशी हळूहळू त्यावर सरकतात, रक्तवाहिन्या जुळतात आणि मग तो एकजीव होतो. याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. बाहेरचे टाके आठवडा-दहा दिवसांत निघतात. त्यामुळे कान ‘बरा झाला’ असे वाटते. पण टाके निघणे म्हणजे पडदा जुळणे नव्हे. बहुतेकांची गफलत इथेच होते.

मग इअरफोनने नेमके काय बिघडते?

अनेकांचा समज असा की आवाजाच्या धक्क्याने पडदा फाटतो. म्हणून ते आवाज कमी करून इअरफोन लावतात. पण कमी आवाजात जुळणाऱ्या पडद्याला आवाजाचा धोका जवळपास नसतो. खरा धोका कान बंद करणाऱ्या रबरी बुचाचा आहे.

हे आकड्यांत पाहू. सामान्य बोलण्याचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. त्याचा हवेवरचा दाब ०.०२ पास्कल इतका किरकोळ भरतो. या आवाजाने पडदा हलतो तोही मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात होणारा लायगो-इंडिया प्रकल्प हिंगोलीकरांना माहीत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींची अतिसूक्ष्म हालचाल टिपण्यासाठी तिथे कित्येक किलोमीटरची यंत्रणा उभी राहणार आहे. त्या यंत्रणेशी बरोबरी नाही, पण आपला कानही याच जातीचा आहे. अगदी मंद आवाज ऐकताना पडद्याची हालचाल एका अणूच्या व्यासाहूनही कमी असते. एवढ्याशा हालचालीने ठिगळ सरकत नाही. ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगलाच मोठा आवाज घेतला तरी त्याचा दाब एक पास्कल असतो.

आता बुचाचे पाहू. रबरी टोकाचा इअरफोन नळीत घट्ट बसला की त्याच्या आणि पडद्याच्या मधली हवा कोंडली जाते. समजा हा कोंडलेला भाग १५ मिलिमीटर लांबीचा आहे आणि इअरफोन बसवताना तो आणखी एक मिलिमीटर आत ढकलला गेला. शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमानुसार हवेची जागा कमी झाली की दाब वाढतो. इथे तो सुमारे सात टक्के वाढेल. वातावरणाचा दाब साधारण एक लाख पास्कल. त्याचे सात टक्के म्हणजे सात हजार पास्कल. प्रत्यक्षात बुचाच्या कडेने हवा निसटते, पडदाही थोडा आत दबतो. त्यामुळे एवढा दाब टिकत नाही. त्याच्या शंभराव्या भागाइतका उरला असे धरले तरी तो ७० पास्कल होतो. म्हणजे मोठ्या आवाजातल्या गाण्याच्या दाबाच्या ७० पट. इअरफोन झटकन ओढून काढताना हेच उलटे घडते, पंपासारखी ओढ बसते. ठिगळ आधी आत ढकलले जाते, मग बाहेर ओढले जाते. लेक्चर सुरू असताना कोणी हाक मारली की काढायचा, पुन्हा लावायचा, असे दिवसातून वीस-पंचवीस वेळा होते.

नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवा, असे डॉक्टर सांगतात त्यामागेही हेच कारण आहे. नाक-घशातून कानाच्या मधल्या भागाकडे जाणारी एक नळी असते. शिंकरताना तिच्यातून हवा वर चढते आणि पडद्याला आतून ढकलते. शिंकरणे आतून, इअरफोन बाहेरून. पहिला नियम बहुतेक जण पाळतात, दुसऱ्याकडे लक्ष जात नाही.

ओल आणि जंतूंचे काय?

बुचाचा दुसरा तोटा कोंडलेल्या ओलीचा. कानाची नळी उघडी राहिली तर तिच्यात हवा खेळते आणि ती कोरडी राहते. इअरफोन लावला की आत घाम आणि उष्णता साठते. त्यात शस्त्रक्रियेनंतरचा थोडाफार स्राव, औषधाचे थेंब आणि विरघळणारा स्पंज. जंतू आणि बुरशी वाढायला याहून चांगली जागा मिळणार नाही. मराठवाड्यातला उन्हाळा आणि पावसाळ्यातली दमट हवा यात भरच घालतात.

शिवाय इअरफोनची टोके स्वच्छ नसतात. ती खिशात, दप्तरात, उशीखाली फिरतात, मित्राच्या कानातून आपल्या कानात येतात. त्यावरचा मळ थेट जखमेच्या वाटेवर पोहोचतो. जुळत आलेल्या पडद्याला जंतुसंसर्ग झाला तर ठिगळ गळून पडण्याची शक्यता वाढते.

दुसऱ्या कानात लावला तर?

इथे खरी मेख आहे. शस्त्रक्रियेच्या कानात स्पंज आणि पट्टी असल्याने त्या बाजूने सगळे बोळे घातल्यासारखे ऐकू येते. कान भरल्यासारखा वाटतो, मधूनच ‘पट’ असा आवाज येतो. हे बहुतेक वेळा तात्पुरते असते. पण दोन्ही कानांत इअरफोन लावणारा माणूस बंद कानाला पुरेसे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवत जातो. मोबाइल दोन्ही बाजूंना सारखाच आवाज पाठवतो. तो वाढलेला आवाज झेलतो कोण? चांगला कान.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पडदा दुरुस्त करता येतो, केसपेशी नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात आणि १०० डेसिबलला अवघी २० मिनिटे. म्हणजे व्हॉल्यूमची पट्टी थोडी पुढे सरकवली तरी वेळ झपाट्याने आटतो.

त्यामुळे फक्त चांगल्या कानात, मध्यम आवाजात आणि मधून मधून थांबत इअरफोन वापरायला बहुतेक वेळा हरकत नसते. मात्र डॉक्टरांना आधी विचारावे. चांगल्या कानालाही पूर्वी छिद्र असेल किंवा तो वाहत असेल, तर तिथेही बूच नको.

एका कानात ऐकताना फोनमध्ये काय बदलायचे?

एकच इअरफोन लावला तर अनेकदा अर्धेच ऐकू येते. कारण गाण्यातले किंवा व्हिडिओतले काही आवाज डाव्या आणि काही उजव्या बाजूला पाठवलेले असतात. मग माणूस पुन्हा व्हॉल्यूम वाढवतो. त्याऐवजी फोनमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करावा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी विभागात ऑडिओशी संबंधित पर्यायांत हा पर्याय मिळतो. आयफोनमध्येही ॲक्सेसिबिलिटीतच ऑडिओ विभागात तो आहे. यामुळे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन एकाच कानात पूर्ण ऐकू येतो. तिथेच डाव्या-उजव्या बाजूचा तोल बदलणारी पट्टीही असते. आवाजाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोयही अनेक फोनमध्ये असते, ती या काळात लावून ठेवावी.

लेक्चरसाठी आणखी एक सोपा उपाय म्हणजे व्हिडिओवर अक्षरे सुरू करणे. यूट्यूबवरच्या अनेक व्हिडिओंना आपोआप तयार होणारी मथळ्यांची ओळ असते. ती नेहमीच अचूक नसते, पण आवाज वाढवण्याचा मोह टळतो. घरी असाल तर फोनचा स्पीकर सर्वांत चांगला. कॉल घेतानाही फोन शस्त्रक्रियेच्या कानावर दाबून धरू नये.

किती दिवस थांबायचे?

नेमका दिवस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच कान तपासून सांगू शकतात. तरी साधारण अंदाज असा :

• मळ किंवा बाहेरची वस्तू काढली असेल तर नळीचे खरचटणे आणि दुखणे पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे काही दिवस.

• पाळी शिवली असेल किंवा कानापुढचे छिद्र काढले असेल तर टाके निघून जखम कोरडी होईपर्यंत त्या बाजूला काही नको. इअरफोन पाळीला लागत नाही, पण वायर अडकून ओढ बसते आणि मोठ्या हेडफोनची गादी थेट टाक्यांवर दाबते.

• ग्रोमेट बसवले असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत. ग्रोमेट अनेकदा सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात आपोआप गळून पडते. तेवढा सगळा काळ इअरफोन बंद ठेवावा लागतोच असे नाही, पण कान वाहत असेल तेव्हा नळी बंद करू नये. शिवाय ग्रोमेटनंतर अनेक मुलांना लगेच स्पष्ट ऐकू येऊ लागते. पूर्वीचाच व्हॉल्यूम आता त्यांच्यासाठी जास्त ठरतो.

• पडद्याचे छिद्र बुजवले असेल तर किमान सहा ते आठ आठवडे आणि तेही डॉक्टरांनी कानात पाहून ‘पडदा जुळला’ असे सांगितल्यावरच. फक्त कॅलेंडर पाहून ठरवू नये.

• मॅस्टॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर हा काळ आणखी लांबतो.

हेडफोन, नेकबँड की बोन कंडक्शन?

नेकबँड आणि वायरलेस बड्स यांत टोक रबरीच असते. त्यामुळे बुचाचा प्रश्न दोन्हींत सारखा. नळीत घट्ट न बसणारे, कानाच्या तोंडाशी अडकणारे जुन्या पद्धतीचे इअरफोन दाब कमी निर्माण करतात, पण जखमेजवळ तेही नको.

कान झाकणारा मोठा हेडफोन नळीत जात नाही. पण कानामागे छेद घेतला असेल तर गादी तिथेच दाबते. टाके निघून जागा दुखायची थांबल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने तो थोडा वेळ वापरता येतो. त्यात बाहेरचा गोंगाट कमी करण्याची सोय असेल तर व्हॉल्यूम कमी ठेवता येतो. ही सोय सुरू केल्यावर काहींना कानात दाब आल्यासारखे वाटते. तो खरा हवेचा दाब नसतो. तरीही अस्वस्थ वाटत असेल तर बंद ठेवावी.

बोन कंडक्शन हेडफोन कवटीच्या हाडातून कंपने थेट आतल्या कानापर्यंत नेतात. नळी उघडी राहते, पडद्याला हात लागत नाही. त्यामुळे हा पर्याय निर्धोक असल्याचे सरसकट सांगितले जाते. त्यात दोन अडचणी आहेत. त्याची दांडी कानाच्या मुळावरून मागे जाते, म्हणजे नेमकी छेदाजवळून. दुसरे म्हणजे हाडातून आलेला आवाजही त्याच केसपेशींवर पडतो. कानाचे डॉक्टर कपाळावर ट्यूनिंग फोर्क ठेवून तपासतात, तेव्हा बंद असलेल्या कानात तो आवाज उलट मोठा ऐकू येतो. म्हणून बोन कंडक्शन वापरलाच तर आवाज कमीच पुरतो. पहिले काही आठवडे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हिंगोली परिसरात वेगळी काळजी कोणती?

हळदीच्या हंगामात शिजवणे, वाळवणे आणि ढोलात पॉलिश करणे अशी कामे ओळीने चालतात. पॉलिशच्या ढोलाचा खडखडाट मोठा असतो आणि भुकटी हवेत उडते. कानाला पट्टी असताना तिथे थांबणे टाळावे. गोंगाटात इअरफोनवर गाणी लावणे तर अधिकच वाईट, कारण गोंगाटावर मात करायला आवाज आणखी वाढवला जातो. ट्रॅक्टर चालवतानाही हेच होते.

गणेशोत्सवात हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीला मोदकासाठी मोठी गर्दी होते. दसरा महोत्सवही जिल्ह्याबाहेरून लोक खेचतो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर ती उरत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत अशा ठिकाणी न जाणेच बरे. कानात कापसाचा बोळा घातल्याने मोठा आवाज फारसा अडत नाही.

दुचाकीवर इअरफोन एरवीही नको. एक कान बंद असताना तर मुळीच नको. आवाज कोणत्या बाजूने येतो हे मेंदू दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या आवाजातल्या फरकावरून ठरवतो. एक कान मंद असेल तर मागून येणारे वाहन डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळत नाही. हेल्मेटचा दाब जखमेवर येत असल्याने काही दिवस दुचाकी चालवणेच टाळावे.

आणि घरगुती उपाय? लसणाचे तेल, कांद्याचा रस, कोमट तेल यापैकी काहीही कानात घालू नये. काडी, सेफ्टी पिन, कापसाची काडीही नको. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या बाजूला ठेवण्याचा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात, तेवढा पाळावा.

पुन्हा सुरू करताना काय पाहावे?

डॉक्टरांची परवानगी मिळाली तरी पहिल्या दिवशी तीन तासांचे लेक्चर नको. जुनी रबरी टोके बदलून नवी घ्यावीत. फोमची टोके ओल धरतात, ती टाकून द्यावीत. सिलिकॉनची टोके साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावीत. इअरफोनची जाळी स्पिरिटने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसावी, त्यावर थेट द्रव ओतू नये. डबीही आतून पुसावी. इअरफोन कोणाला देऊ नये, कोणाचा घेऊ नये.

सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करावी. बसवताना हळू, काढताना त्याहून हळू. थेट न ओढता थोडा फिरवून काढला तर कडेने हवा शिरते आणि ओढ बसत नाही. लावून झोपू नये. व्हॉल्यूमचे टक्के प्रत्येक फोनमध्ये वेगळे असतात. त्यामुळे साधी कसोटी अशी की, हाताच्या अंतरावर बसलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर ते कळले पाहिजे. कळत नसेल तर आवाज जास्त आहे.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

कानातून पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, ताजे रक्त, वाढत जाणारी वेदना, ताप, गरगरणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, ऐकू येणे अचानक कमी होणे यापैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. अचानक ऐकू न येणे ही तातडीची बाब आहे. उपचाराला जितका उशीर, तितकी भरपाईची शक्यता कमी. इअरफोन काढल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज राहत असेल तर तोही इशारा समजावा.

जिल्ह्यात तपासणीसाठी हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय आहे. राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, त्यात हिंगोलीचाही समावेश होता. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे अनेक रुग्ण जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचाही समावेश आहे. कोणत्या शस्त्रक्रियेला लाभ मिळेल हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्यावे.

शस्त्रक्रिया नांदेडला झाली असेल तर पुढच्या तपासणीसाठी पुन्हा प्रवास करावा लागतो. टाके निघाले, दुखत नाही, मग कशाला जायचे, असे वाटून शेवटची तपासणी टाळली जाते. पण पडदा जुळला की नाही हे दुखण्यावरून कळत नाही आणि फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरही कळत नाही. त्यासाठी कानात डोकावून पाहावेच लागते. त्या भेटीत एक प्रश्न आवर्जून विचारावा : ‘डॉक्टर, या कानात इअरफोन कधीपासून लावू?’ उत्तर कागदावर लिहून घ्यावे. तोवर लेक्चर स्पीकरवर ऐकावे किंवा मोनो ऑडिओ सुरू करून चांगल्या कानात. अभ्यास थांबत नाही आणि पडद्यालाही जुळायला वेळ मिळतो.